गड्ड्यातली आठशे खोटी माणसं

पहिल्यांदा प्ले दाबलं तेव्हा मी कॉम्प्युटरवर बनवलेल्या होम मैदानावर परेड सुरू झाली. परेडच, दुसरा शब्द नाही. ८०० माणसं, सगळ्यांचा डावा पाय एकदम पुढं, सगळ्यांचा उजवा हात एकदम वर, आणि प्रत्येकजण असा ताडताड निघालेला की मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी फुकट साखर वाटायलाय. आई चहा ठेवायला आली होती, तिनं स्क्रीनकडं बघितलं आणि विचारलं, "मोर्चा कशाचा आहे?" मी म्हणलं मोर्चा नाही, गड्डा आहे. तिनं परत एकदा वाकून बघितलं, "हा गड्डा?" म्हणाली आणि कप ठेवून गेली.

सोलापूरबाहेरच्यांना गड्डा म्हणजे रस्त्यातला खड्डा वाटतो म्हणून थोडक्यात सांगतो. सिद्धरामेश्वर हे आमचं ग्रामदैवत, बाराव्या शतकातले शिवयोगी, त्यांची यात्रा संक्रांतीला असते. भोगीला सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, ६८ लिंगांना तैलाभिषेक करत शहराची फेरी करतात, संक्रांतीला सम्मती कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात, किंक्रांतीला होम. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'चा गजर, आणि त्यातनं ह्या काठ्या तोल सांभाळत येतात. बाजूला होम मैदानावर जत्रा, पाळणे, मौत का कुआँ, भजी, बांगड्या, खेळणी, प्लॅस्टिकचे डबे, ती यात्रा संपली तरी बरेच दिवस चालू असते. आम्ही शाळेत असताना गड्ड्याला निदान तीनदा जायचो, एकदा घरच्यांबरोबर देवाला, एकदा पाळण्यात बसायला आणि एकदा खिशात काही नसताना नुसतंच. हे 'नुसतंच' लक्षात ठेवा, पुढं त्यानंच माझे तीन आठवडे खाल्ले.

माझं काम तसं बिल्डरांसाठी वॉकथ्रू बनवायचं. जुळे सोलापूर नावाच्या भागात अजून पायासुद्धा खणला नाही अशा बिल्डिंगमधून कॅमेरा फिरवायचा, हॉलमध्ये झुंबर, गॅलरीत तुळस, पार्किंगमध्ये बिल्डरला परवडत नाही ती गाडी. त्यात माणसं लागत नाहीत, लागलीच तर बागेत एक जोडपं उभं केलं की झालं. मग गेल्या ऑक्टोबरात पुण्यातनं एक काम आलं, एका प्रदर्शनासाठी चार मिनिटांचा व्हीआर पीस, हेडसेट घातला की माणूस गड्ड्यात उभा. परदेशात गेलेली पोरं, गर्दीत जाऊ न शकणारी म्हातारी माणसं, अशांसाठी. मी लगेच हो म्हणलं. मला वाटलं मंदिर, तळं, किल्ल्याची भिंत, पाळणे हे बनवायला वेळ लागेल आणि माणसं काय, ती तयार मिळतात. मंदिर अकरा दिवसांत झालं. माणसं फेब्रुवारीपर्यंत पुरली.

परेडचा इलाज सोपा होता, तो एका रात्रीत झाला. प्रत्येकाच्या चालीचं ॲनिमेशन वेगवेगळ्या क्षणापासून सुरू करायचं आणि वेग थोडा थोडा बदलायचा. माणसाच्या चालीचा पुस्तकी वेग सेकंदाला १.३४ मीटर, त्यात कमीजास्त पाव मीटर, हा आकडा या विषयात जिथं तिथं येतो. मी तोच टाकला. परेड मोडली पण आता सगळे ऑफिसला उशीर झालेले वाटायला लागले. मग दिवाळीच्या आधी नवी पेठेत एका दुकानाच्या पायरीवर उभा राहून मोबाईलवर स्टॉपवॉच लावून माणसं मोजली, या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि कळलं की आपल्याकडं सणाच्या बाजारात कुणी १.३४ नं चालत नाही, निम्म्या वेगानं सुद्धा चालत नाहीत, चार पावलं चालतात, थांबतात, हाक मारतात, परत मागं जातात. दुकानदारानं शेवटी विचारलंच, "काय मोजायलास बे, अतिक्रमण हटवायला आलाईस का?"

मग मी अभ्यासाला लागलो, म्हणजे यूट्यूब आणि रात्री दोनला पेपर वाचणं. सगळ्यात आधी कॉलेजात ऐकलेले बॉइड्स आठवले. क्रेग रेनॉल्ड्स नावाच्या माणसानं १९८७ मध्ये पक्ष्यांचा थवा तीन नियमांत बसवून दाखवला होता, शेजारी फार जवळ आला तर सरक, शेजारी जातात त्या दिशेला जा, आणि घोळक्याच्या मध्याकडं ओढ ठेव. बस एवढंच, आणि थवा आपोआप वळतो, फुटतो, परत जुळतो. मी ते जसंच्या तसं गड्ड्याला लावलं. मस्त दिसलं, खोटं नाही सांगत, पण थंडीत ज्वारीवर भोरड्या उतरतात ना तसं, ८०० माणसं एकदम मौत का कुआँकडं वळली, एकदम भज्यांकडं वळली, एकदम तळ्याकडं. एक म्हातारे आजोबा थव्याच्या कडेला होते ते वळताना ५० फूट सुसाट गेले. पक्ष्यांना शोभतं ते.

माणसांसाठी वेगळं मॉडेल आहे, हेल्बिंग आणि मोल्नार यांचं, १९९५ चं, त्याला सोशल फोर्स म्हणतात. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक गोळी समजायची, जिथं जायचंय ती जागा त्याला ओढते आणि बाकीची माणसं, भिंती त्याला लांब ढकलतात. यात एक गंमत आपोआप होते, समोरासमोरून येणारी गर्दी न सांगता रांगा करते, इकडनं जाणारे एका पट्ट्यात, तिकडनं येणारे दुसऱ्या. मी रांगेबद्दल एक ओळ कोड लिहिला नव्हता आणि मंदिराच्या वाटेवर रांगा तयार झाल्या, तेव्हा मी रात्री अडीचला बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली छान आहे, आणि झोपली. त्याच मॉडेलमध्ये दारापाशी सगळ्यांना घाई दिली की दाराभोवती माणसांची कमान होते आणि कुणीच बाहेर पडत नाही, हळू सोडलं की पटापट निघतात, हे हेल्बिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलंय. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दादरला चढलेल्या कुठल्याही सोलापूरकराला हे मॉडेल न वाचता पाठ आहे.

पण गोळ्या शेवटी गोळ्या, थरथरतात. दाट गर्दीत माझी माणसं जागेवर कापायला लागली, थंडी वाजल्यासारखी. म्हणून मी टक्कर टाळायची दुसरी पद्धत लावली, २००८ च्या आसपास आलेली, त्यात दोन माणसं समोरासमोर आली की टक्कर टाळायची जबाबदारी दोघं निम्मी निम्मी वाटून घेतात. तू थोडा डावीकडं, मी थोडा डावीकडं. थरथर गेली. गर्दी वाहायला लागली, गुळगुळीत, तेल लावल्यासारखी.

आणि तिथं मी पंधरा दिवस अडकलो, कारण काहीतरी चुकतंय हे दिसत होतं पण काय ते सांगता येईना. आईला हेडसेट घातला. ती मिनिटभर उभी राहिली, मान वळवून वळवून बघितलं आणि म्हणाली, "हे कुठले लोक आहेत रे?" म्हणलं का? "कुणी कुणाला लागंना. कुणी सरक म्हणंना. मी मधी उभी आहे आणि सगळे बाजूनं चाललेत, मी काय विटाळशी आहे का?"

बरोबर होतं तिचं. प्रत्येकाभोवती अदृश्य चक्र होतं आणि ते कधीच कुणाच्या चक्राला शिवत नव्हतं. नंतर एक २००९ चा अभ्यास सापडला, भारतात आणि जर्मनीत लोकांना एकामागं एक चालायला लावून केलेला, त्यात निघालं की आपली माणसं कमी जागेत भागवतात आणि गर्दी वाढली तरी आपला वेग जर्मनांइतका पडत नाही. वाचून मी एकटाच हसलो. म्हणजे मी होम मैदानावर ८०० जर्मन सोडले होते, तेही इरकल नेसवून. मग चक्र लहान केलं, खांद्याला खांदा घासला तरी चालेल अशी सूट दिली, आणि घासायच्या आधी अंग तिरकं करायचं ॲनिमेशन टाकलं, आपण बसमध्ये दोन सीटांमधनं जाताना करतो तसं, एक खांदा पुढं, पिशवी छातीशी. एवढ्यानं निम्मा गड्डा झाला. हे तिरकं अंग कुठल्याही विकतच्या ॲनिमेशनच्या पॅकमध्ये मिळालं नाही मला. जॉगिंग मिळतं, झोंबी मिळतो, बॅले मिळतो.

विकतच्या मॉडेलांवर तर वेगळं रडगाणं आहे. ऑनलाईन घेतलेल्या माणसांत 'बिझनेसमन', हुडीवाला पोरगा, बॅगपॅकवाली टुरिस्ट. कपडे बदलता येतात, ते बदलले, पण साडी नेसवलेली बाई तीच कमर हलवत रॅम्पवर चालल्यासारखी चालायला लागली, पन्नाशीची बाई, हातात नारळाची पिशवी, आणि चाल फॅशन शोची. हे बघून मित्र जमिनीवर लोळला. शेवटी चाल आपणच रेकॉर्ड करायची ठरवलं. चाल रेकॉर्ड करणारा ढीगभर कॅमेऱ्यांचा स्टुडिओ कुठनं आणणार, मोबाईलच्या व्हिडिओवरनं हाडांची हालचाल काढून देणारी सॉफ्टवेअर आहेत, ती थोडी हलतात पण चालतं.

अक्कलकोटची मावशी दोन दिवसांसाठी आली होती, तिला गच्चीवर नेलं. तिला सांगितलं, मावशी तू नुसतं चाल, मी शूटिंग करतो. झालं, मावशी लग्नाच्या व्हिडिओत चालतात तशी चालायला लागली, हनुवटी वर, हळद लागल्यासारखं तोंड. पाच वेळा घेतलं, पाचही वाया. मग मी तिला खरंखुरं सामान दिलं, डाव्या हातात पिशवी, आत दोन किलो शेंगा, उजव्या हाताला शेजारचं साडेचार वर्षांचं पोरगं, आणि म्हणलं आता पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन ये, पोरगं सांडायचं नाही. आता बघा, पिशवीचा हात अजिबात हलत नाही, सगळा झोका पोराच्या हाताकडं जातो, आणि पोरगं मागं राहिलं की ती थांबत नाही, खांदा मागं जातो, कमरेतनं वळते, आणि पाय पुढंच चालतात. टाकीपाशी पाणी सांडलं होतं तिथं तिनं पोराचा हात सोडला, निऱ्या दोन बोटांत धरून चार बोटं वर उचलल्या, ओलं ओलांडलं, निऱ्या सोडल्या, आणि न बघता हात मागं केला, पोरानं तो पकडला. सगळं मिळून तीनएक सेकंद. "झालं का रे, भाजी टाकायचीय मला," म्हणाली. त्या तीन सेकंदांचं ॲनिमेशन मी मैदानात २६ ठिकाणी वापरलंय, पाणी सांडलेल्या नळाजवळ तर हमखास. तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, "मग २६ बायकांचे पैसे दे."

एकाच चेहऱ्याची माणसं, क्लोन, हा पण मोठा विषय निघाला. माझ्याकडं एकूण १४ शरीरं होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या लोकांनी २००८ मध्ये तपासलं होतं की गर्दीतले जुळे लोकांना कशावरनं सापडतात, तर सारखी चाल लवकर लक्षात येत नाही पण सारखं रूप पटकन येतं, आणि पुढच्या अभ्यासात दिसलं की बघणाऱ्याची नजर डोकं आणि छातीच्या वरच्या भागावर असते. म्हणजे चपला बदलत बसू नका. मी आधी चपलांचेच नऊ प्रकार केले होते, अर्थात. मग सगळा जोर खांद्याच्या वर. जानेवारीची रात्र म्हणून मफलर, कानटोपी, स्वेटर, कुणी शाल म्हणून घरची चादर घेतलेलं, गांधीटोपी, फेटा, जाळीची टोपी, बुरखा, गजरा, गजऱ्याशिवाय अंबाडा, नुसती वेणी, खांद्यावर पोरगं. पोरगं खांद्यावर बसवलं की माणूस पूर्ण बदलतो, उंची बदलते, हात वर जातात, सावली बदलते, एका मॉडेलची दोन माणसं होतात तीही फुकटात.

आता गटांचं. मुसाईद वगैरेंचा २०१० चा अभ्यास आहे, त्यांनी रस्त्यावर बघितलं तर सत्तर टक्क्यांपर्यंत लोक एकटे नसतातच, गटात चालतात, आणि मोकळ्या जागी तिघं असले की शेजारी शेजारी, गर्दी झाली की मधला थोडा मागं राहतो, इंग्रजी व्ही सारखं, म्हणजे तिघांनाही एकमेकांशी बोलता येतं. मी ते केलं, कॉलेजच्या पोरापोरींना फिट्ट बसलं. फॅमिलीला मात्र अजिबात नाही. आपल्याकडं फॅमिली जत्रेत कशी चालते तुम्हाला माहितीय, बाप दहा पावलं पुढं, त्याच्यामागं मोठी मुलगी, मग आई, आईच्या हाताला बारकं, आणि सगळ्यात मागं आजी, जी प्रत्येक बांगडीच्या गाड्यापाशी थांबते. रबरासारखी साखळी आहे ती, ताणते, ताणते, मग बाप वळून बघतो. मी बापाला नियम दिला की दर सहा-सात सेकंदांनी मागं वळून मोज, कमी दिसले तर थांब, वैताग, दोन पावलं मागं ये. ह्या एका वळून बघण्यानं जे झालं ते सांगता येत नाही, मैदानावर अचानक कुटुंबं दिसायला लागली, आधी नुसती माणसं होती.

तरी परेडचा वास काही जाईना. जानेवारी आला, खरा गड्डा भरला आणि मी वही घेऊन तिथं गेलो. पहिल्या संध्याकाळी पाळण्याखाली उभा राहून एकेक माणूस धरायचा आणि डोळ्यानं त्याच्या मागं जायचं असं केलं. एक लाल स्वेटरवाला धरला, तो भज्यांपर्यंत गेला, बघितलं, घेतली नाहीत, वळला, पाळण्याकडं बघत उभा राहिला, मोबाईल काढला, खिशात घातला, आला त्याच वाटेनं परत गेला आणि परत आला. वीस मिनिटं. त्याला कुठं जायचंच नव्हतं. आणि मी वापरलेलं प्रत्येक मॉडेल सुरूच होतं ते 'माणसाला जिथं जायचंय' या वाक्यानं! विमानतळ, स्टेशन, स्टेडियममधनं बाहेर पडणं, असल्या अभ्यासांतली माणसं कुठंतरी निघालेली असतात. गड्ड्यातलं अर्धं पब्लिक नुसतंच आलेलं असतं.

मग जायची जागा काढूनच टाकली. त्याऐवजी मैदानात ओढ लावणाऱ्या जागा पेरल्या, पाळणा, कढई, खेळण्यांचा ढीग, आणि प्रत्येकाला कंटाळ्याचं एक घड्याळ दिलं. ओढ लागली की सरक, कंटाळा आला की सोड, मधल्या वेळात उगाच इकडंतिकडं. आणि एक नियम असा की तीन माणसं एका जागी थांबून काही बघत असतील तर चौथा पण थांबतो, दहा असतील तर बहुतेक सगळे थांबतात. हा मला किसणी विकणाऱ्यावरनं सुचला, तो एक काकडी घेऊन अखंड बोलत असतो आणि भोवती गोल धरलेलं असतं, मागच्याला काही दिसत नसतं तरी तो टाचा उंच करून उभा.

रात्री कोड लिहिला, चालू ठेवून झोपलो. सकाळी उठून बघतो तर अख्खं मैदान मोकळं, पाळणे रिकामे फिरतायत, आणि ८०० च्या ८०० माणसं किसणीवाल्याभोवती गोल करून उभी. आजोबा, पोरं, मावशीच्या २६ बायका, सगळे. जेवढे जास्त थांबले तेवढे जास्त थांबत गेले आणि कंटाळ्याचं घड्याळ मी चुकून थांबलेल्यांना लावलंच नव्हतं. त्याचा स्क्रीनशॉट अजून माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर आहे. दुरुस्ती एका ओळीची होती.

नजरेचं मात्र सोपं नव्हतं. तोवर सगळ्यांच्या माना सरळ, आंधळ्यासारख्या. मी मान वळवायची सोय केली आणि उत्साहात हेडसेट घातलेल्या माणसाला पण बघण्याची एक जागा म्हणून टाकलं. मित्राला घातला हेडसेट. दहा सेकंद गप्प. मग, "बे... हे सगळे माझ्याकडं का बघायलेत बे?" आणि काढून ठेवला, चहा पिऊ म्हणाला. स्वप्नात येतं तसं झालं होतं ते, तुम्ही वळाल तिकडं शंभर चेहरे तुमच्याकडं. मग कमी करत करत आणलं, दोन-तीन मीटरच्या आतले, त्यातले पण थोडेच, सेकंदभर बघणार आणि नजर काढणार. बारकी पोरं अपवाद, पोरं टक लावून बघतात, आईच्या मागं गेली तरी मान वळवून बघतात, ते तसंच ठेवलं आणि तेच लोकांना सगळ्यात जास्त आवडतं.

मशीनचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात रडण्यापलीकडं काही नाही. क्वेस्ट २ या हेडसेटवर सेकंदाला ७२ फ्रेम पाहिजेत, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १४ मिलिसेकंद, आणि दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं. फ्रेम ७२ च्या खाली गेल्या की बघणाऱ्याला मळमळतं. ८०० पूर्ण माणसं त्यात बसत नाहीत. म्हणून जवळची ४० खरी, हाडांसकट, मधल्यांची हालचाल आधीच काढून एका टेक्श्चरमध्ये, म्हणजे चित्राच्या फाईलमध्ये, भरून ठेवलेली, आणि लांबची तर नुसते पुठ्ठे, माणसाचं चित्र चिकटवलेले. डोकं पण सगळ्यांचं दर फ्रेमला चालवायचं नाही, लांबचा माणूस सेकंदात चारदा विचार करतो, पुरतं त्याला.

पुण्याहून मात्र एकच मागणी, अजून गर्दी पाहिजे, खचाखच. मी तिथं अडून बसलो. चौरस मीटरला चार-पाच माणसं झाली की आपल्या मनानं पाऊल टाकणं अवघड होतं, सहा-सातच्या पुढं माणूस चालत नाही, वाहतो, गर्दीत लाटा येतात आणि चेंगराचेंगरी अशाच लाटांत होते. मी मुद्दाम एकदा तेवढी घनता लावून हेडसेट घातला होता, खोटी माणसं, घरच्या खुर्चीजवळ उभा, पंखा चालू, तरी छातीवर दडपण आलं. म्हातारी माणसं बघणार आहेत म्हणलं, नको. शेवटी आवाजावर तडजोड झाली.

आवाज हा विषय खरं तर आधी घ्यायला पाहिजे होता. मी फुकटात मिळालेली 'क्राउड' नावाची फाईल लावली होती आणि दोन महिने लक्षातच आलं नाही की ती कुठल्यातरी परदेशी हॉटेलातली आहे, नीट ऐकलं तर काट्याचमच्यांचा किणकिणाट. मग गड्ड्यात मोबाईल खिशात ठेवून तीन संध्याकाळी रेकॉर्ड केलं. घरी येऊन ऐकलं तर एका मिनिटात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं, एक बाई कन्नडमध्ये पोराला रागावतेय आणि पोरगं मराठीत रडतंय. पाळण्याचा करकर आवाज, भोंगा, पिपाण्या. हे लावलं आणि माणूस एकही न वाढवता पुण्याहून मेसेज आला, आता गर्दी बरोबर वाटते, किती वाढवलीस? मी म्हणलं बरीच.

शेवटचा भाग नंदीध्वजांचा, मैदानाच्या कडेनं काठी येते आणि गर्दी वाट देते. हे दाखवायला मी ओळखीतल्या एका काकांना बोलावलं, त्यांनी तरुणपणी बरीच वर्षं काठी धरलीय. ते आले, चपला दाराशी काढल्या, हेडसेट डोक्याला नमस्कार करून घातला. काठी आली तसे हात जोडले, तोंडातनं गजर पण निघाला. मी मनात म्हणलं, जमलं. काढल्यावर म्हणाले, "सगळं बरोबर हाय. माणसं चुकीची हायत."

म्हणलं काका, काय चुकलं?

"सगळी शेंड्याकडं बघायलेत. शेंड्याकडं लांबचा बघतोय. जवळचा माणूस धरणाऱ्याच्या पायाकडं बघतोय. पाय कुठं पडंल तिथनं ह्याला सरकायचंय नव्हं. काठी झुकली तर आधी पाय सांगतोय." मग उठून त्यांनी आमच्या हॉलमध्येच दाखवलं, कमरेला पट्टा असल्यासारखे दोन्ही हात पोटापाशी धरून, गुडघे किंचित वाकवून, आणि एक पाऊल असं टाकलं की मी खरंच टीपॉय ओढून मागं सरकलो.

त्या रात्री काठीपासून चार मीटरच्या आतल्यांच्या नजरा खाली आणल्या, आणि पाऊल ज्या बाजूला पडेल त्या बाजूचे लोक अर्धा सेकंद आधी मागं रेलतील असं केलं, मागच्यांच्या अंगावर, म्हणजे मागचे अजून मागं. दोन वाजता बिल्ड पाठवली. सकाळी पुण्याहून उत्तर, "मागच्या आणि ह्या व्हर्जनमध्ये फरक काय आहे? आम्हाला काही दिसला नाही. पण हीच फायनल करा."